शेवटचे वीस मीटर कोण बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बिअर कारखान्यांच्या पर्यावरणपूरक प्रयोगांवरचा लेख वाचला. छतावरचे सौर पॅनेल, सांडपाण्यातून मिळणारा बायोगॅस, हलक्या काचेच्या बाटल्या, सगळं त्यात होतं. पण बिअर कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर पुढे काय, पिंपातून ग्लासापर्यंत ती कशी पोचते आणि वाटेत किती गटारात जाते, याबद्दल एक ओळही नव्हती. गेली एकोणीस वर्षं मी पुण्यात ड्राफ्ट बिअरच्या, म्हणजे पिंपातून नळीने थेट टॅपला येणाऱ्या बिअरच्या, लाइन बसवतो, धुतो आणि दुरुस्त करतो. म्हणून हे पत्र.

या धंद्यात येण्याआधी मी दुधात होतो. आमचं गाव फलटण तालुक्यातलं. पहाटे संकलन केंद्रावर 40 लिटरचे ॲल्युमिनियमचे कॅन भरायचे, टेम्पो ते घेऊन जायचा आणि धुतलेले रिकामे कॅन परत टाकून जायचा. कॅन परत आला नाही तर उद्याचं दूध घालायचं कशात, हे घरातल्या पोराटोरांनाही कळायचं. पुढे मी एका डेअरीत पाइपलाइन धुण्याच्या खात्यात अकरा वर्षं काढली. तिथून एका ओळखीच्या माणसाने मला बिअरच्या लाइनवर आणलं. पहिल्यांदा केग, म्हणजे बिअरचं पिंप, हातात घेतला तेव्हा तो मला परका वाटलाच नाही. स्टीलचा, 30 किंवा 50 लिटरचा, भरायचा, पोचवायचा, रिकामा परत आणायचा, धुवायचा, पुन्हा भरायचा. दुधाच्या कॅनचाच भाऊ.

चांगला स्टीलचा केग तीस वर्षं सहज चालतो. 50 लिटरच्या एका केगमध्ये 650 मिलीच्या 77 बाटल्यांची बिअर मावते. तेवढ्या बाटल्यांची नुसती काच तीस-पस्तीस किलो भरते, शिवाय बुचं, लेबलं आणि खोकी वेगळी. रिकामा केग मात्र बारा-तेरा किलोचा. आपल्याकडे बाटल्याही भंगारवाल्याच्या हातून मोठ्या संख्येने कारखान्यात परत जातात आणि धुऊन पुन्हा भरल्या जातात, तेव्हा बाटली म्हणजे निव्वळ कचरा असं मी म्हणणार नाही. तरीही एकाच गावात बनवून त्याच गावात प्यायच्या बिअरला केगसारखं दुसरं भांडं नाही. पुण्यात 2009 मध्ये डूलाली या छोट्या ब्रुअरीने स्वतःची बिअर बनवून द्यायला सुरुवात केली, आणि आज शहराच्या चारी अंगांना छोट्या ब्रुअरी आहेत. मुंबईतल्या पबना डोंबिवलीतून गेटवे ब्रुइंगचे केग जाऊ लागले. म्हणजे बनवणारा आणि पिणारा यांच्यातलं अंतर एका छोट्या हत्तीच्या फेरीएवढं झालं. ही मोठी गोष्ट आहे. पण फेरी जाऊन-येऊन पूर्ण झाली तरच तिला अर्थ.

केग परत येत नाहीत, हे माझं पहिलं दुखणं. दोन वर्षांपूर्वी मंगळवार पेठेत एका भंगाराच्या दुकानात मी व्हॉल्व्ह शोधायला गेलो होतो. तिथे दोन केग मधोमध कापून ठेवले होते. एकाची शेगडी झाली होती, दुसऱ्याला पाय जोडायचं काम चाललं होतं. कडेवर कोरलेला नंबर अजून वाचता येत होता. कापणाऱ्याला मी विचारलं, आत दाब असतो हे माहीत आहे का? तो म्हणाला, एकदा झाकण उडून भिंतीवर आपटलं होतं. एवढी मजबूत, तीस वर्षं फिरायला बनवलेली वस्तू वजनावर विकली गेली. कुणी चोरून विकली असेल, कुठला बार बंद पडल्यावर मालकाने सामानासोबत काढून टाकली असेल. केग बारला देताना पुरेशी अनामत घेतली असती, आणि प्रत्येक केगच्या नंबराची नोंद येताना-जाताना झाली असती, तर ती शेगडी झाली नसती. गॅसचा सिलिंडर घरी आणताना आपण अनामत भरतोच की.

आता दुसरं दुखणं, आणि तेच जास्त मोठं आहे. केग बारमध्ये पोचला की बिअरचा खरा प्रवास सुरू होतो. केगच्या तोंडावर कपलर बसतो, एका बाजूने कार्बन डायऑक्साइड आत जातो आणि दुसऱ्या बाजूने बिअर नळीतून टॅपकडे निघते. केगपासून टॅपपर्यंत बिअर तीन-चार अंशांच्या आसपास थंड राहिली पाहिजे. वाटेत ती तापली की विरघळलेला गॅस सुटतो आणि ग्लासात बिअरऐवजी फेस येतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शहरातल्या एका गच्चीवरच्या बारमधून फोन आला की टॅप खराब झालाय, नवा बसवा. मी गेलो तेव्हा एप्रिलची संध्याकाळ होती. बारमनच्या पायाशी एक निळी बादली होती. तो टॅप उघडायचा, पहिला ग्लासभर फेस बादलीत ओतायचा, दुसराही ओतायचा, तिसरा गिऱ्हाइकाला द्यायचा. केग खाली स्वयंपाकघराजवळ, तळणीच्या भट्टीपलीकडच्या भिंतीला टेकून. तिथून नळी डक्टमधून वर गेलेली, वीसेक मीटर, तिच्यावर ना थंड पाण्याची जोडनळी ना धड आवरण. फेस येतो म्हणून कुणीतरी रेग्युलेटरवर दाब वाढवून ठेवला होता, त्याने फेस आणखी वाढला. मी त्या रात्री टॅपला हात लावला नाही. बसून बादली मोजली. एका 50 लिटरच्या केगमागे 14 लिटर बादलीत गेलं. बादली भरली की पोऱ्या ती मोरीत रिकामी करायचा. मालकाला मी आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, ड्राफ्टमध्ये एवढं जातंच.

एवढं जात नाही, आणि जाऊ द्यायचं तर नाहीच. 14 लिटर बिअरमागे अडीच किलोच्या आसपास जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, लागतं. पाण्याचं म्हणाल तर जगातले चांगले मोठे कारखाने एका लिटर बिअरला तीनेक लिटर पाण्यात भागवतात, छोट्या ठिकाणी त्याच्या दुप्पट आणि त्याहूनही जास्त जातं. म्हणजे त्या एका बादलीबरोबर कमीत कमी चाळीस लिटर पाणीही मोरीत गेलं. शिवाय बिअर म्हणजे साधं सांडपाणी नव्हे. तिच्यातली साखर आणि अल्कोहोल कुजवायला जीवाणूंना प्रचंड ऑक्सिजन लागतो, घरगुती मैलापाण्याच्या दोनशे पटीहून जास्त. मैलापाणी प्रक्रिया केंद्रावर त्या एका बादलीचा भार दोन हजारांहून अधिक लिटर मैलापाण्याएवढा पडतो.

ज्या राज्यात 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायचा आदेश द्यावा लागला, तिथे बनलेली बिअर फेस म्हणून फेकणं मला बघवत नाही.

त्या बारमध्ये पुढे काय केलं तेही सांगतो. गच्चीवरच, बार काउंटरच्या मागच्या भिंतीला लागून, एक जुनं उभं चिलर होतं, त्यात कोल्ड्रिंक ठेवायचे. ते रिकामं करून घेतलं, केग त्यात ठेवला, भिंतीला भोक पाडून दीड मीटरच्या नळीने सरळ टॅप जोडला. दाब त्या तापमानाला बसेल एवढा लावला. खर्च फारसा आला नाही. पुढच्या शनिवारी मी पुन्हा बादली ठेवली. एका केगमागे लिटरभरही जमलं नाही.

नवा शोध म्हटला की लोकांना चकचकीत यंत्र दिसतं. माझ्या मते नळी आखूड करणं हाच आपल्या शहरातल्या बारसाठी सगळ्यात मोठा शोध आहे. हिशेब सोपा आहे. साडेनऊ मिलिमीटर आतला व्यास असलेल्या नळीत मीटरला 70 मिली बिअर उभी असते. 20 मीटरच्या लाइनमध्ये 1.4 लिटर. चार टॅप असतील तर साडेपाच लिटर. लाइन धुताना दर वेळी एवढी बिअर टाकावीच लागते. म्हणून मालक धुणं पुढे ढकलतात. आखूड नळीत टाकायलाच काही नसतं, मग धुवायला कुणी कुरकुर करत नाही.

आणि लाइन धुवावीच लागते. दर पंधरा दिवसांनी. दोन टक्क्यांचं कॉस्टिक सोड्याचं कोमट द्रावण पंपाने पंधरा मिनिटं नळीतून फिरवायचं, टॅप आणि कपलर सुटे करून ब्रशने घासायचे, तीन-एक महिन्यांनी आम्लाने आतला खडा काढायचा. बिअरमधला ऑक्झलेट आणि पाण्यातला चुना मिळून नळीत एक पिवळट थर धरतो, त्याला आम्ही खडाच म्हणतो. तीन महिने न धुतलेला टॅप उघडून बघा. आत बोट फिरवलं तर काळपट, बुळबुळीत साय हाताला लागते. वास कधी आंबलेल्या व्हिनेगरसारखा, कधी चक्क लोण्यासारखा येतो. डेअरीत लोण्याच्या वासाने मन प्रसन्न व्हायचं. बिअरच्या नळीत तोच वास आला की समजायचं, नको ते जंतू घर करून बसलेत. गिऱ्हाईक दोन घोट घेऊन ग्लास ठेवून देतं, किंवा पुढच्या वेळी बाटली मागतं. अशी परत गेलेली बिअर कुठल्याच पर्यावरण अहवालात दिसत नाही.

धुताना एक काळजी मात्र जिवाची आहे. कॉस्टिक पूर्ण निघालं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी मी घाईत खळबळणं कमी केलं होतं. नशिबाने पहिला ग्लास मीच हातात घेतला, बोटांना बुळबुळ लागली आणि पुढचा अनर्थ टळला. तेव्हापासून खिशात पीएच पट्टीची डबी असते. टॅपमधून येणाऱ्या पाण्याचा आणि नळाच्या पाण्याचा रंग पट्टीवर एकसारखा आला, की मगच केग जोडायचा. माझ्या हाताखालच्या दोन्ही मुलांना मी सगळ्यात आधी हे शिकवलं.

बाहेरच्या देशांत या शेवटच्या टप्प्यावर किती विचार झालाय ते वाचलं की हुरूप येतो. बेल्जियममध्ये ब्रुज नावाचं जुनं, दगडी रस्त्यांचं शहर आहे. तिथल्या द हाल्व्ह मान या ब्रुअरीत बिअर गावाच्या मध्यात बनते आणि बाटल्या गावाबाहेर भरल्या जातात. मधल्या अरुंद रस्त्यांवरून दिवसभर टँकर धावायचे. 2016 साली त्यांनी जमिनीखालून तीन किलोमीटरहून लांब बिअरची पाइपलाइनच टाकली. ताशी 4000 लिटर बिअर तिच्यातून जाते आणि टँकर रस्त्यावरून हटले. काही पैसे लोकांकडून वर्गणी काढून उभे केले आणि वर्गणीदारांना बिअर देऊन फेडले. पुण्यात कुणी रस्ता खोदून बिअरची पाइप टाकावी असं मी म्हणणार नाही, आधीच खोदाई कमी नाही. पण दारावरून जाणारी गाडी कमी कशी होईल हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, तो आपणही विचारावा.

त्याहून मला झेक लोकांची पद्धत आवडते. पिल्सनर उर्केलची बिअर तिथल्या काही पबमध्ये दुधासारखी टँकरने येते आणि पबमधल्या मोठ्या थंड टाक्यांत भरली जाते. टाकीच्या आत एक पिशवी असते, बिअर त्या पिशवीत. बाहेरून साध्या हवेचा दाब दिला की पिशवी दबते आणि बिअर टॅपला येते. हवा बिअरला शिवत नाही आणि ढकलायला कार्बन डायऑक्साइडही लागत नाही. ज्याने गावच्या दूध सोसायटीतला बल्क कूलर पाहिलाय त्याला हे चटकन कळेल. कार्ल्सबर्गनेही याच तत्त्वावर 20 लिटरचे प्लास्टिकचे केग काढलेत, बिअर संपते तसे ते हवेच्या दाबाने चेपत जातात. लांबच्या गावी पाठवायला, जिथून रिकामा केग आणणं परवडत नाही, तिथे ते ठीक. पण हिंजवडीत बनलेली बिअर कोथरूडला द्यायला एकदाच वापरायचं प्लास्टिक कशाला? तिथे स्टीलच हवं.

गॅसचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. 100 लिटर बिअर आंबताना चारेक किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ती बिअर फसफसती करायला अर्धा किलो लागतो आणि केगमधून ढकलायला त्याहून थोडा कमी. म्हणजे बिअर स्वतःला लागतो त्याच्या चौपट गॅस देते. तरी बहुतेक छोट्या ब्रुअरीत तो नळीतून पाण्याच्या बादलीत बुडबुडे काढत हवेत जातो आणि दारात विकतच्या गॅसचे सिलिंडर उतरतात. 2018 च्या उन्हाळ्यात हा गॅस जिथून जोडीने मिळतो ते युरोपातले बरेच अमोनियाचे कारखाने एकाच वेळी बंद होते, तेव्हा ऐन फुटबॉल विश्वचषकात ब्रिटनमध्ये या गॅसची टंचाई झाली आणि बिअरचं रेशनिंग करावं लागलं. गॅस पकडून द्रव करून साठवणारी यंत्रं आता छोट्या ब्रुअरीच्या मापातही निघाली आहेत, पण ती महाग. त्याआधी करता येईल असा स्वस्त उपाय म्हणजे आंबणं संपत आलं की टाकीवर दाबाचा व्हॉल्व्ह लावून टाकी बंद करायची, म्हणजे शेवटचा गॅस बिअरमध्येच मुरतो. दाब सोसणारी टाकी मात्र हवी. माझ्या माहितीतले दोन ब्रुअर हे करतात, त्यांचे सिलिंडर कमी झालेत.

बिअर बनवून उरलेल्या जवाच्या चोथ्याची व्यवस्था मात्र आपल्याकडे आपोआप लागली आहे, त्याचं श्रेय गोठेवाल्यांना. 1000 लिटरच्या एका घाण्याला 200 किलो ओला चोथा निघतो. मुळशीकडचा एक गोठेवाला सकाळी सातच्या आत निळे ड्रम घेऊन हजर असतो, कारण उन्हाळ्यात चोथा दुसऱ्या दिवशी आंबतो आणि मग जनावर तोंड लावत नाही. त्याच्या म्हशी ड्रमचा आवाज ओळखतात. या माणसाला एक दिवस जरी यायला जमलं नाही तरी ब्रुअरीत पळापळ होते. अशा माणसाशी नीट करार करावा, वेळ पाळावी, त्याला ताटकळत ठेवू नये, एवढं तरी मालकांनी करावं.

माझी मागणी राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि अन्न व औषध प्रशासन या दोघांकडे आहे. दारू प्या असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. माझ्या आईने माळ घातलेली होती, घरात बाटली कधी आली नाही. पण जी वस्तू सरकारच्या परवान्याने बनते आणि विकली जाते, ती वाया जाऊ नये आणि पिणाऱ्याला स्वच्छ मिळावी, याची जबाबदारी कुणीतरी घेतली पाहिजे. मार्चअखेर परवान्यांचं नूतनीकरण असतं. ज्या बारमध्ये ड्राफ्ट आहे त्यांच्याकडून त्या वेळी लाइन धुण्याची नोंदवही मागावी: तारीख, कुणी धुतली, पट्टीवर काय आलं, नळी किती लांब, किती बिअर टाकली. उपाहारगृहाच्या पाण्याच्या टाकीची स्वच्छता विचारता, तर नळीची का नको?

दुसरं, लॉकडाऊनमध्ये 2020 साली मायक्रोब्रुअरींना ग्राउलरमधून ताजी बिअर घरी द्यायची तात्पुरती मुभा मिळाली होती. ग्राउलर म्हणजे घट्ट झाकणाची, पुन्हापुन्हा भरता येणारी बाटली. मी तेव्हा काही ठिकाणी भरण्याची नळी बसवून दिली. गिऱ्हाइकं तीच बाटली धुऊन परत आणायची. मुंबईत आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या घरोघरी अशाच धुऊन परत दिल्या जायच्या, त्यामुळे आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. ही सोय कायमची, सुटसुटीत नियमांनी चालावी आणि परत आणलेल्या बाटलीमागे दर कमी असावा.

बारमालकांना एवढंच सांगणं आहे, माझ्यासारख्याला बोलावण्याआधी एका शनिवारी टॅपखाली बादली ठेवा आणि रात्री ती मापाने मोजा. केगवर खडूने आकडा लिहून ठेवा. तो आकडा लिटरभरापेक्षा जास्त असेल तर नवा टॅप विकत घेऊ नका. आधी नळी कुठून कुठे गेली आहे ते बघा.

आपला,
एक ड्राफ्ट लाइन मेकॅनिक,
धनकवडी, पुणे